देशकर सरांच्या कॅसेटमधली रिकामी जागा

देशकर बाई, हमीदभाई, ब्रह्मपुरीतले सरांचे शेजारी, आणि सावली, वडसा, गडचिरोली, कुठून कुठून धानाची कापणी टाकून आलेले माझे बहीणभाऊ,

मला बोलता येत नाही असं आजकाल कोणी म्हणत नाही. आमच्या ग्रामपंचायतीत विचारा. सुनंदाबाई बोलायला उठल्या की सरपंच घड्याळ पाहतात. पण आज इथं उभी राहिले आणि सुरू करायच्या आधी दोनदा पदर सावरला हो. समोर सरांचा फोटो आहे, फोटोला हार आहे, आणि सर हाराला किती लाजायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या सोमवारी सकाळी चहा घेऊन अंगणातल्या खुर्चीत बसले ते बसलेच. कोणाला काही त्रास नाही, कोणाला काही काम नाही. जातानाही माणसानं इतकं सभ्य असावं का?

माझी ओळख सांगते. मी सुनंदा दिघोरे. सावली तालुक्यातल्या ढिवराच्या घरातली सून. आमचं घर तलावाच्या मासोळीवर आणि थोड्या धानावर चालतं. मी गावच्या नळयोजनेवर काम करते. टाकी भरणं, पाणी तपासणं, औषध टाकणं, व्हॉल्व फिरवणं, आणि पाणी आलं नाही की शिव्या खाणं, एवढं सगळं माझ्याकडे आहे. माईकसमोर उभी राहिले की माझी भाषा इस्त्री केल्यासारखी होते. मधेच सुटेल. सांभाळून घ्या.

मंडळी, मला आज रडायचं नाही. रडून झालं. मला आभार मानायचे आहेत. सर जिवंत असताना ते ऐकून घेत नसत. "बाई, ते राहू द्या, क्लोरीन किती दाखवतंय ते सांगा," म्हणायचे. आज त्यांना ऐकूनच घ्यावं लागेल.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गावात नळयोजना येणार, टाकी बांधणार, असं चाललं होतं. टाकी चालवायला शिकलेला माणूस पाहिजे, सर्टिफिकेटवाला पाहिजे, आणि गावात तसा कोणी नसला तर बाहेरून आणणार. त्याच सुमारास कोणीतरी सांगितलं, ब्रह्मपुरीले एक इंजिनिअर सर आहेत, ते घरबसल्या शिकवतात. दहावी झालेली पाहिजे फक्त. मी दहावी झालेली होते. लग्न झाल्यावर ती दहावी ट्रंकेत ठेवली होती.

पत्रकावर नाव काय, तर पर्यावरण अभियांत्रिकी, दूरशिक्षण पाठ्यक्रम, विकसनशील देशांकरिता. माझ्या सासऱ्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "एवढं मोठं नाव! अन् करावं काय लागते?" मी सरांना तसंच्या तसं विचारलं. सर हसले. म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांना सांगा, नाव मोठं आहे, काम पाण्याचं आहे."

तो पाठ्यक्रम बाहेरच्या देशात तयार झाला होता. तिकडच्या लोकांनी आपल्यासारख्या देशांसाठी, मनापासून, चांगल्या हेतूनं केलेला. सरांकडे काम आलं ते मराठी करायचं. सर नागपूरची चांगली नोकरी सोडून इथं आले. म्हणाले, ज्यांच्यासाठी धडे लिहायचे त्यांच्यापासून लांब बसून कसे लिहू? आणि लिहायला बसले तर पहिल्याच पुस्तकात एक आख्खा धडा निघाला, नळातलं पाणी गोठलं तर काय करावं! बाप्पा! चंद्रपूर जिल्ह्यात! मे महिन्यात आमच्या नळाला हात लावला तर चटका बसतो. सरांनी तो धडा काढला आणि त्या जागी नवा लिहिला, उन्हाळ्यात विहीर तळाला गेली तर काय करावं. असं एकेक करत त्यांनी सगळी पुस्तकं इथल्या मातीत पुन्हा लिहिली. मालगुजारीच्या काळचा मामा तलाव आला, शेततळ्यासारखी बोडी आली, धानाच्या बांधीतलं पाणी घराच्या पायरीला लागतं तिथं संडासचा खड्डा कसा घ्यायचा ते आलं. चुका त्यांच्याही झाल्या. पहिलं संपर्क शिबिर त्यांनी ठेवलं ऐन हिवाळ्यात, वडसाकडच्या रात्रभराच्या झाडीपट्टी नाटकांच्या दिवसांत. कोण येणार? कोणीच आलं नाही. सर काय चिडले? छे. त्याच आठवड्यात ते स्वतःच नाटकाला गेले आणि तिथंच मंडपाबाहेर विद्यार्थ्यांना गाठून पुढची तारीख सांगितली.

पण सरांची खरी कमाल होती ती कॅसेट. वाचायला सगळ्यांना जमत नाही, दिवसभर काम करून डोळे मिटतात, म्हणून प्रत्येक धडा त्यांनी स्वतःच्या आवाजात कॅसेटवर भरला. हमीदभाईंच्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या खोलीत, पंखा बंद करून. पंख्याचा आवाज येतो म्हणून. घामानं भिजून बाहेर यायचे. आणि सरांची पद्धत अशी, धडा सांगता सांगता एक प्रश्न विचारायचा आणि म्हणायचं, "आता मी थांबतो. तुम्ही बोला. घाई नाही." आणि खरंच थांबायचे. कॅसेट फिरत राहायची. काहीच आवाज नाही. बऱ्याच वेळानं पुन्हा सरांचा आवाज यायचा, "हं. आता पाहू."

पहिल्या खेपेला काय झालं, ते हमीदभाई समोर बसले आहेत म्हणून सांगतेच. हमीदभाई, रागावू नका. हमीदभाई कामाला पक्के. कॅसेटच्या प्रती काढताना त्यांना वाटलं, यंत्रात बिघाड झाला. त्यांनी सगळ्या रिकाम्या जागा कापून काढल्या. सरांना अभिमानानं सांगितलं, "सर, बीच बीच में टेप खाली जा रहा था, मैंने सब साफ कर दिया." मग कॅसेट कशी झाली? "तुम्ही बोला, घाई नाही, हं, आता पाहू!" एका दमात. सरांनी ती ऐकली आणि इतके हसले म्हणे की चष्मा काढून पुसावा लागला. मग दोघांनी सगळ्या कॅसेट पुन्हा भरल्या. पुन्हा पंखा बंद.

आता आमच्या गावची गोष्ट.

आमच्या गावातून आम्ही काही जण या पाठ्यक्रमाला बसलो. त्यात माझे भासरे होते, रामदासभाऊ. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगते. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि तोंड बंद. भांडण नाही, भीती नाही, रीत आहे. एका घरात राहून, एका चुलीवर जेवून, आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नव्हतो.

आणि कॅसेट एक. टेप एक, तोही मच्छीमार सोसायटीचा. म्हणून दुपारी जाळ्याचं काम आटोपलं की सगळ्यांनी सोसायटीच्या खोलीत बसायचं. पुरुष टेपजवळ, मी दारापाशी, आणि माझ्या शेजारी माझी मोठी जाऊ, रामदासभाऊंची बायको, शांताबाई. ती पाठ्यक्रमाला नव्हती. ती माझ्यासाठी यायची. सर म्हणाले "तुम्ही बोला," की पुरुष बोलायला लागायचे. मला काही सांगायचं असलं तर मी शांताबाईच्या कानात सांगायची, आणि शांताबाई मोठ्यानं म्हणायची, "सुनंदा म्हनते का, पानी आधी गाळून घ्या लागते." रामदासभाऊ शांताबाईला म्हणायचे, "तिले सांग, बराबर हाये." मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेली. असा आमचा वर्ग चालायचा.

उत्तर ठरलं की सगळे जण तेच उत्तर लिहायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तलावात जाळं टाकतो तेव्हा पाण्यात कोण उतरलं, काठावरून दोर कोणी ओढला, कोण तापानं घरी पडला, हे आमच्यात कोणी विचारत नाही. मासोळी काठावर आली की वाटे सारखे पडतात. उत्तर सगळ्यांनी मिळून काढलं, तर ते सगळ्यांचं. वेगवेगळं काऊन लिहाचं?

त्यातच तो विहिरीचा प्रश्न आला. तुमच्या गावातल्या विहिरीला ब्लिचिंग पावडर किती लागेल? त्यासाठी विहिरीतल्या पाण्याची खोली पाहिजे. आमच्याकडे विहीर पुरुषात मोजतात, एक पुरुष खोल, दोन पुरुष खोल. पुस्तकात पाहिजे मीटर. मग एक पुरुष म्हणजे किती? रामदासभाऊंना भिंतीला उभं केलं आणि मोजलं. आता मंडळी, रामदासभाऊ ते पाहा, तिसऱ्या ओळीत बसले आहेत. बसलेले असूनही दिसतात की नाही? गावात सगळ्यांत उंच माणूस, आणि त्या दिवशी डोक्याला दुपट्टा बांधलेला. दुपट्ट्यासकट मोजलं! आमची विहीर एकदम खोल झाली. आणि सगळ्यांनी लिहिलं, एक पुरुष म्हणजे इतकं. सगळ्यांची विहीर दुपट्ट्यासकट.

तिकडे नागपूरच्या ऑफिसात तपासणाऱ्यांच्या हाती ते कागद पडले. सारखी उत्तरं, सारखी वाक्यं, आणि तीच ती चूक. त्यांनी काय समजायचं? त्यांचंही चुकलं नाही. सरांना कळवण्यात आलं, या गावच्या तुकडीनं नक्कल केली आहे, तुकडी रद्द.

मंडळी, मला काय वाटलं ते कसं सांगू? दरवर्षी धान कापून झालं की मी आणि माझे यजमान मिरची तोडायला आंध्रात जायचो. गावातले बरेच जातात. माझी पोरगी सासूजवळ राहायची. परत यायचो तेव्हा ती मला पाहून आजीच्या मागं लपायची. स्वतःची पोरगी! नळयोजनेवर काम मिळालं असतं तर एक पगार घरात आला असता, आणि आम्ही घरी राहिलो असतो. एवढंच मला पाहिजे होतं. मला इंजिनिअर व्हायचं नव्हतं. माझ्या पोरीनं मला ओळखावं, एवढंच.

दुसऱ्याच दिवशी सर एसटीनं आले. आम्ही सगळे माना खाली घालून. वाटलं, आता बोलतील. सर म्हणाले, "मला काही सांगू नका. तुम्ही रोज बसता तसे बसा. मी मागं बसतो." आणि खांद्यावरच्या पिशवीतून हमीदभाईंचा छोटा टेपरेकॉर्डर काढून त्यांनी मधे ठेवला. म्हणाले, "हा ऐकू दे. तुम्ही याच्याकडे लक्ष देऊ नका."

आम्ही कॅसेट लावली. सरांसमोर सरांचाच आवाज. "आता मी थांबतो. तुम्ही बोला. घाई नाही." आणि आम्ही सुरू झालो. आधी जरा लाजत, मग नेहमीसारखे. अवं, किती भांडलो आम्ही! एकजण म्हणे सांडपाण्याचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, दुसरा म्हणे खालच्या. एकानं जमिनीवर बोटानं रेघा काढून उतार दाखवला. कोणी कोणाला येडा म्हटलं. रामदासभाऊ उठून उभे राहिले. मी शांताबाईच्या कानाशी, शांताबाई मोठ्यानं. "सुनंदा म्हनते का, तिकडून नाई, उतार कुठी हाये ते पाहा आधी!"

सर मागं भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे डोळे भरले होते, हे मी पदराच्या आडून पाहिलं. नंतर म्हणाले, "मी बंद खोलीत एकटा बसून, घाम पुसत, गप्प राहायचो. मला वाटायचं, पलीकडे कोणी असेल की नसेल. मी जिथं गप्प होतो तिथं इतका गलका होतो, हे मला कोणी सांगितलंच नाही."

मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "एक सांगा. तुमच्यातलं प्रत्येक बरोबर वाक्य दोनदा का येतं? एकदा हळू, एकदा मोठ्यानं?" शांताबाईनं माझ्याकडे पाहिलं. सरांना कळलं. मला वाटलं, आता सर रामदासभाऊंना समजावतील, शिकलेली माणसं समजावतात तसं. सरांनी एक शब्द काढला नाही. जाताना फक्त मला म्हणाले, "सुनंदाबाई, तुमचं वाक्य पहिलं असतं. लक्षात ठेवा."

ती कॅसेट घेऊन सर नागपूरला गेले. सोबत हमीदभाई, दुकान बंद ठेवून. कारण यंत्र ऐन वेळी रुसलं तर? तिथं काय झालं ते मला हमीदभाईंनी सांगितलं. मोठमोठी माणसं टेबलाभोवती बसलेली, आणि टेपमधून आमचा आरडाओरडा. एक साहेब म्हणाले, "देशकर, हा तर नुसता गोंधळ आहे." सर म्हणाले, "पूर्ण ऐका." त्यांनी पूर्ण ऐकली. मग सरांनी एकच मागणं केलं. लेखी नको, तोंडी परीक्षा घ्या. गावात जाऊन, सगळ्या गावासमोर, एकेकाची. ज्याला समजलं असेल तो सांगेल. नापास झाले तर तुकडी रद्द करा, आणि हे काम माझ्याकडून काढून घ्या. हमीदभाई म्हणतात, "भाभी, मैंने टेबल के नीचे से सर का पैर दबाया, मत बोलो करके. सुना ही नहीं." बाई, हे तुम्हाला सरांनी घरी सांगितलं होतं का? बाई मान हलवून नाही म्हणतायत. पाहा. घरीही सांगितलं नाही.

मंजूर झालं. पण एका अटीवर. देशकर सर तिथं हजर राहू शकतात, पण परीक्षा संपेपर्यंत त्यांनी तोंड उघडायचं नाही. एक शब्द जरी बोलले तरी परीक्षा बाद.

परीक्षक आले. भला माणूस, नियमानं चालणारा. सोसायटीच्या खोलीत टेबल मांडलं. दारात, खिडकीत, सगळं गाव. एकेक जण उठला, बोलला. कोणी चाचरत, कोणी जोरात, पण बोलले. रामदासभाऊंना विहिरीचं विचारलं. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "साहेब, त्या टायमाले आमी दुपट्ट्यासंग मोजलं होतं. आता दोरी टाकून, दोरीले टेप लावून मोजलं हाये." परीक्षक पण हसले.

मग माझं नाव पुकारलं.

प्रश्न सोपा होता. पावसाळ्यात विहिरीचं पाणी वर आलं, तर पावडर कमी लागेल की जास्त? मला येत होतं. झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं. मी सवयीनं शांताबाईकडे वळले आणि तिच्या कानात सांगायला लागले. परीक्षक म्हणाले, "त्यांना नाही. तुम्ही स्वतः सांगा. मोठ्यानं." शांताबाई मागं सरकली. समोर परीक्षक, आणि परीक्षकांच्या बाजूच्या बाकावर माझे भासरे. माझ्या तोंडून आवाज निघेना. पदर पुढं ओढला. सगळं गाव पाहून राह्यलं. बायका कुजबुजायला लागल्या. परीक्षक म्हणाले, "येत नसेल तर तसं सांगा." तेही सांगता येईना. त्यांनी पेन उचललं.

आणि सर? सरांनी तोंड उघडायचं नव्हतं. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि परीक्षकांच्या टेबलावर पालथं ठेवलं. ज्यांनी ज्यांनी सरांची शिबिरं केली आहेत त्यांना ठाऊक आहे. प्रश्न विचारला की सर घड्याळ काढून पालथं ठेवायचे. म्हणजे काय? म्हणजे मी थांबलोय. घाई नाही. परीक्षकांनी त्या पालथ्या घड्याळाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

खोली चिडीचूप झाली. पोरंसोरंसुद्धा गप्प. किती वेळ गेला मला माहीत नाही. कोणाला माहीत असणार, घड्याळ तर पालथं होतं. मी तशीच उभी. सर भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, तशीच वाट पाहत, जणू त्यांना दुसरं कामच नाही जगात.

आणि मग बाकडं करकरलं. रामदासभाऊ उठले. मला वाटलं, चालले बाहेर. ते बाहेर गेले नाहीत. त्यांनी ते बाकडं उचललं, फिरवलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आम्हा सगळ्यांकडे पाठ. आणि भिंतीला म्हणाले, "बोल बाई. मी भिंतीकडं पाहून राह्यलो."

ते माझ्याशी बोललेले पहिले शब्द, मंडळी.

मग मी बोलले. बोलले म्हणजे काय, सुटलेच. पाणी वर आलं म्हणजे पाणी वाढलं, म्हणून पावडर जास्त. वरून पावसाळ्यात पाणी गढूळ, म्हणून अजून जास्त. पावडर जुनी असली, बरणी उघडी राहिली असली, तर तिचा दम गेलेला असतो, तेही पाहावं लागेल. आणि टाकली की लगेच बादली सोडायची नाही, अर्धा तास थांबायचं. परीक्षक म्हणाले, "पुरे, पुरे." मी कुठली थांबते! गाळण्यापर्यंत गेले. शेवटी भिंतीकडून आवाज आला, "बराबर हाये." आख्खी खोली हसली. परीक्षक हसले. सर हसले, पण आवाज न करता. तोंडावर हात धरून. अट होती ना.

आम्ही सगळे पास झालो, आणि नळयोजनेचं काम मला मिळालं. त्या वर्षी आंध्रात मिरची तोडायला आमच्या घरातून कोणी गेलं नाही. माझी पोरगी आता कॉलेजात आहे, इथंच ब्रह्मपुरीत, ती पाहा त्या बाजूला उभी आहे. मला ओळखते. नको तेवढं ओळखते. पैसे कुठं ठेवते तेसुद्धा तिला ठाऊक आहे.

आणि पुढच्या वर्षीपासून सरांच्या पुस्तकांत एक ओळ छापून आली, पहिल्याच पानावर. अभ्यास मिळून करावा, उत्तर एकेकानं सांगावं. त्या परदेशातल्या मंडळींनीही ती ओळ आपल्या पुस्तकांत घेतली असं सर एकदा म्हणाले. कुठल्या कुठल्या देशांत ती गेली असेल! तिथं पण कोणीतरी आपल्या जावेच्या कानात उत्तर सांगत असेल. कोणी सांगावं?

दरवर्षी तलावात जाळं पडलं की आम्ही एक वाटा सरांचा काढायचो. सर मासोळी खात नाहीत हे माहीत असून. सर म्हणायचे, "अहो, मी काय करू याचं?" आणि स्कूटरवर टाकून थेट हमीदभाईंच्या घरी. हमीदभाई, तुम्ही खाल्लेली ती सगळी मासोळी सरांची आहे, लक्षात ठेवा. आणि यंदाही वाटा निघेल. तो तुमच्याकडेच येईल. नाही म्हणू नका.

रामदासभाऊ आज इथं समोर तोंड करून बसले आहेत. मी त्यांच्यासमोर, डोक्यावरचा पदर सावरत, माईकवर, एवढ्या लोकांत बोलते आहे. आणि मघापासून ते मान हलवून "बराबर हाये" म्हणून राह्यले, मले दिसते. सर, हे तुम्ही केलं. तुम्ही एक शब्द न बोलता केलं. माझ्यासाठी परीक्षकांना पेन खाली ठेवायला लावणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. बाकी सगळ्यांना घाई होती. सर, मी तुमची आभारी आहे. मी, शांताबाई, माझी पोरगी, आमच्या गावातलं ज्याच्या ज्याच्या माठात पाणी आहे ते सगळं घर तुमचं आभारी आहे.

अशा सभेत शेवटी दोन मिनिटं उभं राहतात. कोणीतरी घड्याळ पाहतं आणि दोन मिनिटं झाली की खुर्च्या सरकतात. आज तसं नको करू या. हे माझं घड्याळ. पहिल्या पगारातून घेतलेलं. हे मी काढते आणि इथं, सरांच्या फोटोसमोर, पालथं ठेवते.

सगळ्यांनी उभं राहावं. हमीदभाई, तुमचा टेप चालू आहे हे मी पाहिलंय. ही जागा कापू नका.

सर, आम्ही थांबलोय. घाई नाही.